मागच्या खोलीचा रंग

रंगाऱ्याने शेडकार्डांचा जाडजूड गठ्ठा टेबलावर ठेवला आणि हात झटकत म्हणाला, "काकू, सावकाश बघा. घाई अजिबात नाही. फक्त उद्या सकाळी सांगा म्हणजे झालं."

"म्हणजे घाईच की," खिडकीशी पेपर वाचत बसलेले माईचे यजमान, मास्तर, म्हणाले.

"घाई तुमच्याआमच्यासारख्यांना, मास्तर. काकूंनी एक नजर टाकली की काम संपलं."

माई हसली. रंगारी शिडी भिंतीला टेकवून निघून गेला, मास्तरांनी पुन्हा पेपरात डोकं घातलं आणि माई त्या गठ्ठ्याकडे अशी बघत राहिली, जणू ते कोणी न सांगता दारात आणून सोडलेलं मूल असावं.

गल्लीत माईची नजर ही सगळ्यांनी मान्य केलेली गोष्ट होती. कोपऱ्यावरचं घड्याळ पुढे आहे हे जसं सगळ्यांना ठाऊक होतं, तसंच माईची नजर चुकत नाही हेही. उमेदीची सगळी वर्षं तिने शिवणाच्या सामानाच्या दुकानात काढली. भिंतभर रिळं, खालच्या खणांत गुंड्या आणि वर अस्तरांचे तागे. बायका पर्समधून कापडाची चिंधी काढायच्या आणि माईपुढे ठेवायच्या. माई कधी कापडावर रीळ ठेवत नसे. गुंडाळलेला दोरा असतो त्याहून गडद दिसतो, खरं काय ते दोऱ्याचा सुटा पदरच सांगतो, असं तिचं म्हणणं. ती एक पदर ओढून कापडावर आडवा टाकायची, दोन्ही घेऊन दारापर्यंत उजेडात जायची, क्षणभर रस्त्याकडे बघून डोळे निवळून घ्यायची आणि मग खाली बघायची. दोरा कापडात दिसेनासा झाला, तर जुळला. नाही झाला, तर दुसरं रीळ. कित्येक जणी तर चिंधीसुद्धा आणत नसत. "कालचा माझा कोट बघितलात ना ताई, त्याला गुंड्या द्या," एवढंच म्हणायच्या. रस्त्याने जाताना ओझरता दिसलेला कोटसुद्धा माईच्या डोळ्यांत मुक्कामाला राहायचा.

तो मुक्काम आता हलला होता. आणि हे अजून कोणाला ठाऊक नव्हतं.

सुरुवात दुधापासून झाली. एका सकाळी माईला दूध पिवळसर दिसलं. नासलं म्हणून तिने ते ओतून टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग लॉन्ड्रीवाल्याशी भांडण झालं. चादरी पिवळ्या पडल्या म्हणून तिने त्याला फैलावर घेतलं, तो बिचारा शपथा घेऊ लागला. शेवटी तिने चादरी घरी धुतल्या, गच्चीवर कडक उन्हात टाकल्या, काढायला गेली तर तशाच पिवळ्या. चादर हातात घेऊन ती तिथेच टाकीच्या सावलीत बसून राहिली. मग कधीतरी तिने मास्तरांचा काळा मोजा रफू केला आणि लेक तो बघून म्हणाली, "आई, काळ्यावर निळी नक्षी? बाबांना या वयात नटवतेस की काय?" माई म्हणाली, "काळा दोरा संपला होता." तिचं पहिलं खोटं ते. त्यानंतरची मोजायचं तिने सोडून दिलं.

डॉक्टरकडे जायला काय झालं होतं, असं कोणीही विचारील. पण माईच्या डोळ्यांपुढे तिची आई होती. उतारवयात आईला आधी रंग सोडून गेले, मग अक्षरं, मग माणसांचे चेहरे. यावर इलाज नाही, असलं घराण्यात उतरतंही, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी पाटी पुसावी तसं सांगून टाकलं होतं. घरच्यांनी आईला स्वयंपाकघराच्या खिडकीशी एका उंच पाठीच्या खुर्चीत बसवलं. काळजी सगळे घेत. वेळेवर चहा देत, खांद्यावर शाल घालत. पण बोलत ते तिच्या डोक्यावरून. "तिचा चहा झाला का?" "ती जागी आहे का?" "तिला विचारून काय करायचंय?" आई समोर, टक्क जागी. जिच्या एका हाकेला घर उभं राहायचं, ती बाई बघता बघता घरातली 'ती' होऊन गेली. खुर्ची पुढे कोणी तरी नेली, पण तिची ती उंच पाठ माईच्या मनातून कोणी नेली नाही.

म्हणून जोवर कोणी सांगत नाही, तोवर आपल्याला काही झालेलं नाही, असं माईने ठरवलं होतं. हे ठरवणं किती पोकळ आहे ते तिला कळत नव्हतं असं नाही. पोकळ असलं तरी टेकायला तेवढंच होतं.

आणि अशात हे रंगकाम निघालं. नात पुढच्या शिक्षणासाठी आजोळी राहायला येणार होती, मागच्या खोलीत. लेक म्हणाली, एका खोलीला रंग द्यायचा तर घरालाच देऊ. आणि वर सगळ्यांदेखत जाहीर केलं, "रंग आई ठरवेल. बाकी कोणी मध्ये तोंड घालायचं नाही." मानाचं पान होतं ते. माईच्या घशात तेच अडकलं.

बाकीच्या खोल्या तिने कशाबशा निभावल्या. बाहेरच्या खोलीसाठी लेकीला फोन केला आणि घोळवून घोळवून तिच्याकडूनच रंगाचं नाव काढून घेतलं. स्वयंपाकघराला म्हणाली, "आहे तोच द्या, मला सवय आहे." म्हणजे जुन्या रंगाशी जुळवायची जबाबदारी रंगाऱ्याची. मधल्या खोलीला पांढरा. पांढऱ्याचेही त्या कार्डात डझनभर भाऊबंद निघाले, तेव्हा शेजारणीला चहाला बोलावलं, कार्ड तिच्यापुढे सरकवलं आणि तिने बोट ठेवलं त्यावर आपलं बोट ठेवून म्हणाली, "माझ्याही मनात हाच होता." शेजारीण फुलून गेली. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं म्हणे, की माईची आणि माझी नजर सारखी आहे.

राहिली मागची खोली. तिथे कोणाला विचारायची सोय नव्हती.

मागच्या खेपेला आली तेव्हा नातीने गळ्यातला स्कार्फ काढून माईच्या हातात ठेवला होता. "माईआजी, मला माझी खोली अशी हवी. अगदी अशी."

"याला काय म्हणतेस तू?" माईने सहज विचारल्यासारखं केलं.

"काय म्हणायचंय? आवडता म्हणते."

"तरी, रंगाला काही नाव?"

"नाव सांगितलं की लोक जवळपासचं काहीतरी आणतात. आईने तर नक्कीच आणलं असतं. तुझ्याकडे जवळपास नसतं, म्हणून तुला देतेय." आणि तिने माईच्या गालाला गाल लावला.

माईला तो स्कार्फ राखेसारखा दिसत होता. कोवळ्या पोरीला राखेच्या रंगाची खोली कशाला हवी, असं मनात आलं होतं. पण हल्लीच्या मुली वाढदिवसालाही काळे कपडे घालून जातात, तेव्हा असेल बाई, म्हणून तिने स्कार्फ घडी करून कपाटात ठेवला.

आता तो स्कार्फ आणि कार्डांचा गठ्ठा घेऊन ती पुढच्या दारात आली. मास्तर खिडकीशी होतेच. त्यांच्याकडे पाठ करून तिने कार्डं बाजूला काढायला सुरुवात केली. हे नाही, हेही नाही. शेवटी दोन उरली. स्कार्फच्या काठाचा एक धागा तिने हलकेच ओढून काढला आणि पहिल्या कार्डावर आडवा टाकला. रस्त्याकडे बघितलं, डोळे निवळले, खाली बघितलं. धागा दिसेनासा झाला होता. जीव भांड्यात पडला. मग सवयीने, केवळ खातरी करायला, तिने तोच धागा दुसऱ्या कार्डावर टाकला.

तिथेही तो दिसेनासा झाला.

असं तिच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. दोरा एकाच रंगात बुडतो, म्हणून तर त्याला जुळणं म्हणायचं. तिने धागा पुन्हा या कार्डावर टाकला, पुन्हा त्या. कार्डं उलटी केली, मागचे बारीक आकडे वाचायचा प्रयत्न केला, ते मुंग्यांसारखे पळू लागले. ऊन उंबऱ्यावरून सरकून पायरीवर गेलं, तरी ती तिथेच उभी.

सकाळी रंगारी बाहेरच्या खोलीत भिंतीची भोकं लांबीने बुजवत होता. माई दोन कार्डं घेऊन त्याच्यापाशी गेली. स्कार्फ मात्र तिने कपाटातच ठेवला होता. तो दाखवला असता, तर आपण का विचारतोय हे त्याला लगेच कळलं असतं.

"मागच्या खोलीला या दोन्हीतला एक ठरवलाय," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा बघू, कोणता आणि का?"

रंगाऱ्याने लांबी लावायचा पत्रा खाली ठेवला. "मी सांगू? काकू, माझी आई तुमच्याकडून दोरा न्यायची. तुमच्यापुढे मी रंगाबद्दल तोंड उघडलं, तर ती वरून चप्पल फेकून मारेल मला."

"अहो, तरी पण."

"दोन्ही आपापल्या जागी छान आहेत." त्याने मान तुकवली. "आता ज्याला तुम्ही हात लावाल तो."

पलीकडे खिडकीशी पेपराची फडफड मघापासून थांबली होती. माईने क्षणभर डोळे मिटले आणि उजव्या हातातलं कार्ड पुढे केलं. "हा."

"हा?" रंगारी म्हणाला, आणि मग, "बरं."

त्या 'हा?'मध्ये काय होतं, यावर माईचा सगळा दिवस गेला. भाजी चिरताना ती तो शब्द मनात उलटसुलट करून बघत होती. आश्चर्य होतं? की नुसतं ऐकू आलं नव्हतं? की तो काही बोलणार होता आणि चपलेच्या भीतीने बोलला नाही?

दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीला पहिला हात दिला. माई दबक्या पावलांनी दारात गेली. ओली भिंत चकाकत होती. तिने पदराआडून स्कार्फचं टोक काढून बघितलं. सारखाच. अगदी सारखाच. छातीवरचा दगड जरा सरकला, तेवढ्यात रंगारी रोलर फिरवता फिरवता म्हणाला, "काकू, नात काय शिकणार आहे म्हणालात?"

"झाडांबद्दल काहीतरी. का हो?"

"नाही, सहज. मला वाटलं तुरुंगावर अधिकारी वगैरे व्हायचंय."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. भारदस्त रंग आहे, असं म्हणायचं होतं."

माई भिंतीला धरणार होती, पण भिंत ओली होती.

स्वयंपाकघरात येऊन ती ओट्याशी उभी राहिली. मागोमाग मास्तर आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. हे दार सहसा कोणी लोटत नसे.

"अगं, जरा बस."

"दूध आहे गॅसवर."

"दूध गॅसवर नाही. बस."

ती बसली.

"काल तू रंगाऱ्याला म्हणालीस, तुम्हीच सांगा, कोणता आणि का?"

"मग? विचारलं तर बिघडलं काय?"

"बिघडलं काही नाही. पण ते वाक्य माझं आहे."

माईने खाली बघितलं. वाक्य त्यांचंच होतं. मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे, आणि त्यांना रंग कळत नसत. हिरवा आणि तपकिरी त्यांच्या लेखी एक, म्हणजे मैदानं आणि डोंगर एक. जन्मापासूनचं होतं ते. नोकरीत त्यांनी कोणाला पत्ता लागू दिला नाही. पोरं रंगवलेले नकाशे घेऊन आली की विचारायचे, "तूच सांग, कोणता रंग दिलास आणि का?" पोरांना वाटे, मास्तर परीक्षा घेतात. भूगोलाच्या मास्तरांना नकाशातले रंग दिसत नाहीत हे फुटलं असतं, तर पोरांनी त्यांना वर्गात उभं राहू दिलं नसतं.

माईला हे कळलं ते लग्नानंतर लगेच. तिने त्यांना हिरवा दोरा आणायला पाठवलं. ते तपकिरी घेऊन आले आणि म्हणाले, "तूच बघ, बरोबर आहे ना." तिने बघितलं, दोऱ्याकडे आणि त्यांच्या चेहऱ्याकडेही. "बरोबर आहे," म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सगळ्या शर्टांच्या कॉलरला आतून पांढऱ्या दोऱ्याचे टाके पडले. हिरव्याला एक टाका, तपकिरीला दोन, लालसर असेल त्याला तीन. त्यावर दोघं कधी बोलली नाहीत. मास्तर कपडे घालताना अंगठा कॉलरच्या आतून फिरवत, एवढंच. लेकीलाही यातलं काही ठाऊक नव्हतं.

"हल्ली रंगाबद्दल तू आधी बोलत नाहीस," मास्तर म्हणाले. "दुसरं कोणी बोलेपर्यंत थांबतेस. मग त्याचीच री ओढतेस. डब्यांच्या जागा बदलू देत नाहीस. आयुष्यभर मी हाच धंदा केला. मला ओळखू येणार नाही?"

"तुमचं आपलं काहीतरीच."

"हेसुद्धा माझंच वाक्य."

माईला हसू आलं, आणि त्या हसण्याबरोबर इतके दिवस दाबलेलं बाकीचंही वर आलं. तिने डोळ्यांना पदर लावला. "मला आईसारखं झालंय का हो?"

"मला काय ठाऊक. मी भूगोलाचा." त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "तो स्कार्फ आण बघू."

रंगारी बाहेर चहा प्यायला गेला होता. दोघं मागच्या खोलीच्या मध्यभागी उभी राहिली. मास्तरांनी स्कार्फ भिंतीशी धरला, मान तिरकी केली, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"मला हा निळा दिसतो."

"निळा?"

"फिकट निळा. आणि भिंत निळी नाही. एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो."

"मला तर दोन्ही राखेसारखे दिसतात. एकसारखे."

"म्हणजे झालं," मास्तर म्हणाले. "घरात दोन माणसं, आणि एका स्कार्फचा रंग कोणाला सांगता येईना. तू त्या रंगाऱ्याला सरळ विचार."

"नको."

"तो काय खाणार आहे का तुला?"

"त्याला विचारलं की गल्लीला कळलं. गल्लीला कळलं की लेकीला. मग ती मला खुर्चीत बसवणार."

"कुठल्या खुर्चीत?" मास्तरांनी विचारलं, आणि विचारता विचारता त्यांना आठवलं. सासूबाईंना त्यांनीही बघितलं होतं. त्यांनी स्कार्फ खोलीतल्या टेबलावर ठेवला.

"तुम्ही कोणाला सांगणार नाही ना?"

"तू माझं कोणाला सांगितलंस?"

नात उद्या येणार, अजून वेळ आहे, काहीतरी सुचेल, असं माई म्हणतच होती, तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. वह्या-पुस्तकांची खोकी घेऊन लेक आणि नात एक दिवस आधीच येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्यामागून चहाची चव जिभेवर घोळवत रंगारी.

दोघं पुढच्या दारात आली, तोवर नात खोकं दारातच टाकून मागे पळाली. "माईआजी, बघू, बघू." आणि मागच्या खोलीच्या दारात ती थबकली.

माईला तिची पाठ दिसत होती. पाठीवरूनही माणूस कळतं.

"ही लांबी लावलीय ना?" नातीने हळूच विचारलं. "रंग अजून द्यायचाय ना?"

"पहिला हात झाला की," रंगारी म्हणाला.

लेक पुढे आली. तिने भिंतीकडे बघितलं, मग टेबलावर पडलेल्या स्कार्फकडे. "आई, हे काय? तिचा स्कार्फ जांभळा आहे, फिकट जांभळा. आणि ही भिंत म्हणजे नुसतं सिमेंट."

जांभळा. माईने स्कार्फकडे बघितलं. ओठांवर असलेलं एखादं नाव आठवू नये, तसं तिला त्यात जांभळं दिसता दिसेना. लेकीच्या कपाळावर आठी आली होती आणि ती माईच्या डोळ्यांकडे बघत होती. आता कळेल. या क्षणी कळेल.

"मी निवडला तो," मास्तर म्हणाले.

"तुम्ही? तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"आईचे गुडघे धरले होते. म्हटलं, त्यात काय, मी निवडतो." त्यांनी घसा साफ केला. "खरं सांगायचं तर मला रंग कळत नाहीत. कधीच कळले नाहीत. हिरवा, तपकिरी, जांभळा, सगळे एकाच माळेचे मणी."

"काहीतरीच काय, बाबा. माझे नकाशे तुम्हीच तपासायचात."

"तूच नाही का सांगायचीस, कोणता रंग दिला आणि का?"

लेक त्यांच्याकडे बघतच राहिली. शाळेची सगळी वर्षं तिच्या चेहऱ्यावरून सरकत गेल्याचं दिसलं. मग ती हसू लागली. नातही हसू लागली. रंगाऱ्याने तर कपाळाला हात लावला. "मास्तर, म्हणजे आमच्या वर्गाला तुम्ही फसवलंत. मी समुद्र जांभळा रंगवला म्हणून मला कोपऱ्यात उभं केलं होतंत."

"ते तूच कबूल केलंस म्हणून. मला कुठे दिसला होता?"

मग खेळच सुरू झाला. "आजोबा, माझी बॅग कसली आहे?" "तपकिरी." "हिरवी आहे." "असेल." "आणि हे खोकं? हा डबा? आईचा ड्रेस?" रंगाऱ्याने एकेक डब्याचं झाकण वर करून दाखवलं. मास्तर हसत हसत चुकीची उत्तरं देत होते, आणि प्रत्येक उत्तराला हशा पिकत होता. नात कुजकट नव्हती, तिला गंमत वाटत होती. पण जे त्यांनी जन्मभर चुकवलं ते हेच होतं, सगळ्यांच्या मध्ये उभं राहून 'हे काय, ते काय' सांगणं. माईचं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. अंगठा कॉलरच्या आतून फिरत होता, पुन्हा पुन्हा, टाका शोधत.

"पुरे," माई म्हणाली.

तिने स्कार्फ उचलला. तो दोन्ही हातांनी भिंतीशी धरला.

"रंग यांनी नाही निवडला. मी निवडला. दारात उजेडात नेऊन, धागा टाकून निवडला. मला हा स्कार्फ राखेसारखा दिसतो. भिंतीसारखाच. अजूनही तसाच दिसतोय."

डबा उघडाच राहिला.

"कधीपासून?" लेकीने विचारलं.

"झाले दिवस."

"आणि डॉक्टरकडे गेली नाहीस." तिचा आवाज चढला. "आम्ही काय मेलो होतो?"

"तुझी आजी आठवते तुला?"

"मी लहान होते."

"खुर्ची आठवते?"

लेकीलाही आठवत होती.

रंगारी अवघडून उभा होता. शेवटी म्हणाला, "मग दुसरा हात कोणता देऊ?"

"आता नका देऊ," नात म्हणाली. "आजीचे डोळे दाखवून येऊ. मग तीच बघून सांगेल."

"आणि नाही दिसला तर?" माईने विचारलं.

नातीने खांदे उडवले. त्या वयात माणूस फार सहज बोलतं. "तर हाच राहू दे. मला सवय होईल."

तिने ते प्रेमानेच म्हटलं होतं. पण माईच्या उरावर आता त्या खोलीच्या चारही भिंती आल्या. अर्धवट रंगवलेली ती खोली, तिच्या डोळ्यांच्या निकालाची वाट बघत.

डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर माई आणि मास्तर शेजारी शेजारी बसले होते. डोळ्यांत थेंब घातल्यामुळे तिला सगळं धुक्यातून दिसल्यासारखं दिसत होतं. लेक खिडकीपाशी फी भरायला गेली होती. माईने मांडीवरच्या पर्सवर दोन्ही हात घट्ट धरले होते. आत स्कार्फ होता. का आणला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"भिंत कसल्या रंगाची आहे हो?"

"खोटं सांगू, की माहीत नाही म्हणू?"

"खोटं सांगा."

"हिरवी," मास्तर म्हणाले.

समोरच्या बाकावरचे, एका डोळ्याला पट्टी बांधलेले गृहस्थ म्हणाले, "गुलाबी आहे."

"बघा, एका डोळ्यालाही तुमच्यापेक्षा जास्त दिसतं," माई म्हणाली, आणि तिला जरा श्वास घेता आला. तेवढ्यात आतून तिला हाक आली.

ती उठली. लेकीने दंड धरला. मास्तरांना माईने हातानेच बसा म्हणून खुणावलं. आतली खोली अंधारी होती आणि मधोमध एक खुर्ची होती, उंच पाठीची. माईचे पाय दारातच थांबले.

"या, बसा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी कागद पुढे ओढला आणि माईच्या डोक्यावरून लेकीकडे बघत विचारलं, "यांना काय त्रास होतोय? केव्हापासून दिसत नाही?"

लेकीने उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"मला विचारा," माई म्हणाली.

आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. डॉक्टरांनी मान वळवली आणि तिच्याकडे बघितलं. लेकीने दंडावरचा हात सोडला. माईने हात पुढे करून खुर्ची चाचपली, आपल्या आपण वळली आणि तिच्यात बसली. मग तिने पर्स उघडून स्कार्फ बाहेर काढला आणि मांडीवर पसरला.

"हा मला कसा दिसतो, तिथून सुरुवात करू," ती म्हणाली.